हू, विच, दॅट: आधी रिकामी जागा शोधा

प्रश्न वाळपईच्या एका ताईंचा आहे. चौथीपर्यंत मराठी शाळा, पाचवीपासून इंग्रजी माध्यम, आणि आता पणजीतल्या एका हॉटेलात रिसेप्शनवर नोकरी. पाहुण्यांशी इंग्रजी बोलताना त्यांचं अडत नाही. पण ट्रॅव्हल एजंटला मेल लिहायला बसलं आणि हू, विच, दॅट आले, की वाक्य विस्कटतं. त्यांनी विचारलंय की यातलं कुठलं कुठे वापरायचं, स्वल्पविराम कधी द्यायचा, हे शब्द गाळलेले चालतात का, आणि 'हूम' लिहायचं की नाही. सोबत नावं काढून एक मेल पाठवला आहे:

'डिअर सर, द गेस्ट हू केम यस्टरडे, ही इज नॉट हॅपी. द रूम विच वी गेव्ह हिम, इट इज फेसिंग द रोड. द ड्रायव्हर केम टू द एअरपोर्ट वॉज लेट. द रूम विच ही स्टेड लास्ट इयर, ही वॉन्ट्स दॅट रूम. ऑल व्हॉट ही पेड, वी शुड रिटर्न.'

ताई, मेल वाचून पाहुण्याची तक्रार काय आहे ते पूर्ण कळतं, तेव्हा घाबरण्यासारखं काही नाही. पाचही वाक्यं व्याकरणाला चुकली आहेत हे खरं, पण कशीही चुकलेली नाहीत. प्रत्येकाच्या मागे मराठीतलं एक अगदी शुद्ध वाक्य उभं आहे. डिचोली, सत्तरी, पेडणे, फोंडा इथल्या मराठी शाळांतून आलेल्या मुलांना मी वर्षानुवर्षं इंग्रजी शिकवत आलो आहे, आणि त्यांच्या वह्यांत हीच पाच वाक्यं वेगवेगळ्या कपड्यांत भेटतात. नियमांची यादी पाठ करून ती सुटत नाहीत, हेही मी पाहिलं आहे. मराठी वाक्य कसं बसतं आणि इंग्रजी वाक्य कसं बसतं, एवढं एकदा डोळ्यांना दिसलं की सुटतात.

पहिलं वाक्य घ्या. मनात मराठी होतं, 'जो पाहुणा काल आला, तो खूश नाही.' मराठीत 'जो' आला की 'तो' यायलाच हवा, दोघांची जोडी आहे. 'पाहुणा' हा शब्द 'जो'च्या घरात बसला, म्हणून मुख्य वाक्यात त्याच्या जागी 'तो' ठेवावा लागला. इंग्रजीत हे उलटं आहे. तिथे 'द गेस्ट' मुख्य वाक्यातच बसलेला असतो: 'द गेस्ट इज नॉट हॅपी.' त्याच्या पाठीला 'हू केम यस्टरडे' चिकटतं. कर्ता आधीच हजर आहे, मग 'ही' कशाला? 'द गेस्ट हू केम यस्टरडे इज नॉट हॅपी.' 'यस्टरडे'च्या पुढचा स्वल्पविरामही गेला. तो स्वल्पविराम मराठीत बरोबर असतो, कारण तिथे 'जो'चं वाक्य संपून 'तो'चं सुरू होतं. इंग्रजीत तिथे काहीच संपत नाही.

आता जोडलेल्या छोट्या वाक्याच्या आत बघा, कारण खरी किल्ली तिथे आहे. या छोट्या वाक्यात नेहमी एक जागा रिकामी असते. 'हू केम यस्टरडे' मधून 'हू' बाजूला काढा: '... केम यस्टरडे.' कोण आलं? कर्त्याची जागा रिकामी. 'विच वी गेव्ह हिम' मधून 'विच' काढा: 'वी गेव्ह हिम ...' काय दिलं? कर्माची जागा रिकामी. त्या जागेचा मालक म्हणजेच हू किंवा विच, फक्त तो उठून वाक्याच्या तोंडाशी येऊन बसला आहे. म्हणून 'द रूम विच वी गेव्ह इट टू हिम' चुकतं. मालक पुढे बसलाय आणि मागे त्याच्या खुर्चीत 'इट' बसवलंय. यापुढे हू किंवा विच लिहिलंत की एकच प्रश्न विचारा: रिकामी जागा कुठे आहे, आणि ती मी चुकून भरली तर नाही ना? तुमच्या बाकी बहुतेक प्रश्नांची उत्तरं याच एका प्रश्नातून निघतात.

कुठला शब्द निवडायचा हा भाग त्यामानाने सोपा आहे. माणसाला हू, वस्तूला विच, आणि दॅट दोघांनाही चालतो, मात्र स्वल्पविराम नसेल तेव्हाच. 'हूज' म्हणजे ज्याचा, जिचा, ज्याचं. तो फक्त माणसांसाठी असतो असा एक समज आहे, तो सोडून द्या. 'अ रूम हूज बाल्कनी फेसेस द रिव्हर' हे उत्तम इंग्रजी आहे.

गाळण्याच्या प्रश्नाकडे येऊ. तुमचं तिसरं वाक्य, 'द ड्रायव्हर केम टू द एअरपोर्ट वॉज लेट', हे 'जो-तो'मधून आलेलं नाही. ते आपल्या बोलण्यातून आलंय. आपण घरी 'जो पाहुणा काल आला तो' असं क्वचितच म्हणतो. 'काल आला तो पाहुणा', 'विमानतळावर आला तो ड्रायव्हर' असं म्हणतो. 'जो' गायब, तरी वाक्य पक्कं, कारण 'तो' त्याला धरून ठेवतो. इंग्रजीत धरून ठेवणारा तो 'तो' नाही. 'द ड्रायव्हर केम टू द एअरपोर्ट' इथवर वाचणारा समजतो की वाक्य झालं, ड्रायव्हर विमानतळावर आला. मग अचानक 'वॉज लेट' येतं आणि तो मागे जाऊन पुन्हा वाचतो.

पण 'द टॅक्सी वी बुक्ड वॉज लेट' मात्र बिनचूक आहे. फरक रिकाम्या जागेचा. 'वी बुक्ड ...' मध्ये कर्माची जागा रिकामी आहे, कर्ता 'वी' जागेवर आहे. 'द टॅक्सी'च्या पाठोपाठ 'वी' आला की वाचणाऱ्याला लगेच कळतं की नवा कर्ता आला, म्हणजे इथून आतलं वाक्य सुरू. खूण मिळाली, म्हणून विच किंवा दॅट नसला तरी चालतो. कर्त्याचीच जागा रिकामी असेल तर अशी खूण मिळत नाही, म्हणून तिथे हू, विच किंवा दॅट गाळता येत नाही. म्हणजे 'द ड्रायव्हर हू केम टू द एअरपोर्ट वॉज लेट', पण 'द रूम वी गेव्ह हिम फेसेस द रोड'. (इथे 'इज फेसिंग' नको. खोलीचं तोंड रोज तिकडेच असतं, म्हणून साधा वर्तमानकाळ.)

चौथं वाक्य माझ्या मते सगळ्यात शिकण्यासारखं आहे, म्हणून त्यावर थोडा थांबतो. 'द रूम विच ही स्टेड लास्ट इयर.' इथे 'इन' राहून गेलं. शिक्षक लाल शाईने 'इन' लिहून देतात आणि पुढे जातात, पण ते मुळात राहून का जातं? शाळेतलं मराठी आठवा: 'ज्या खोलीत तो राहिला, ती खोली.' इथे 'खोलीत' मधला 'त' स्पष्ट आहे. हे मनात असतं तर 'इन' सुटलं नसतं. पण बोलताना आपण म्हणतो, 'तो राहिला ती खोली', 'तो राहिलेली खोली', 'आपण आलो ती गाडी'. राहिला कशात, आलो कशातून, हे सांगणारा प्रत्यय मराठी इथे आरामात सोडून देते आणि कोणाचं काही बिघडत नाही. कोकणीतही तसंच: 'हांव रावतां तें घर.' 'घरांत' म्हणावं लागत नाही. गोव्यातल्या मुलांच्या घरात या दोन्ही भाषा असतात, आणि दोन्हींची सवय एकच. मग इंग्रजीत 'द कार वी केम', 'द हाउस आय लिव्ह' आलं नाही तरच नवल.

इंग्रजी असा प्रत्यय सोडू देत नाही. रिकाम्या जागेपर्यंत जा: 'ही स्टेड इन ...' 'इन' लागतोच, तर तो कुठेतरी दिसला पाहिजे. एक तर तो आपल्या जागीच ठेवा: 'द रूम ही स्टेड इन', 'द कार वी केम इन'. नाही तर तो विचला घेऊन पुढे येतो: 'द रूम इन विच ही स्टेड'. पहिलं रोजचं, दुसरं औपचारिक. वाक्याच्या शेवटी 'इन', 'टू', 'फॉर' येऊ नये असं तुम्हाला शाळेत सांगितलं असेल. तो नियम इंग्रजीचा नाही, चांगले लेखक शतकानुशतकं तसं लिहीत आले आहेत. जपायच्या गोष्टी दोन. दॅट कधीही इन, टू, फॉरच्या मागे बसत नाही, 'द रूम इन दॅट ही स्टेड' होत नाही. आणि एकाच वाक्यात दोन्हीकडे 'इन' नको: 'द रूम इन विच ही स्टेड इन' हे फार सावधपणे लिहिणाऱ्यांच्या हातून होतं.

'व्हेअर'चा गोंधळही इथेच सुटतो. पर्यटनाच्या पत्रकांत 'दिवार इज अ प्लेस व्हेअर यू मस्ट व्हिजिट' अशी वाक्यं सर्रास दिसतात. जागेचं नाव आलं म्हणून व्हेअर, असा हिशेब केलेला असतो. पण रिकामी जागा बघा: 'यू मस्ट व्हिजिट ...' इथे नुसतं कर्म हवंय, 'तिथे' नकोय. म्हणून 'अ प्लेस यू मस्ट व्हिजिट'. उलट 'यू कॅन सायकल इन ...' असेल तर 'अ प्लेस व्हेअर यू कॅन सायकल' बरोबर, कारण व्हेअरच्या पोटात 'इन विच' आहे. मुख्य शब्द जागेचा आहे की नाही यावर काही ठरत नाही, आतल्या वाक्यात काय कमी आहे यावर ठरतं.

पाचवं वाक्य, 'ऑल व्हॉट ही पेड.' मराठीत 'जे काही त्याने भरलं ते', म्हणून व्हॉट सुचतो. पण व्हॉट म्हणजे एकट्याने 'द थिंग विच'. त्याच्या पोटात नाम आधीच आहे, त्यामुळे त्याच्या आधी ऑल, एव्हरीथिंग किंवा द थिंग लावता येत नाही. 'व्हॉट ही पेड' चालेल, 'ऑल दॅट ही पेड' चालेल, नुसतं 'एव्हरीथिंग ही पेड' तर सगळ्यात छान. आणि मुख्य वाक्य आधी घ्या: 'वी शुड रिटर्न एव्हरीथिंग ही पेड.' तसंच चौथंही: 'ही वॉन्ट्स द रूम ही स्टेड इन लास्ट इयर.' मराठीत 'जो'चं वाक्य आधी येण्याची रीत आहे, इंग्रजीत ते नामाच्या मागोमाग येतं. हा क्रम फिरवलात की निम्म्या चुका आपोआप गळतात.

स्वल्पविरामाचं प्रकरण वेगळं आहे. त्याचा रिकाम्या जागेशी संबंध नाही, अर्थाशी आहे, आणि तुमच्या कामात तो चुकला तर पाहुण्याला भुर्दंड पडू शकतो. गोव्यात आता दोन विमानतळ आहेत, जुना दाबोळीचा आणि मोपाचा, जिथून जानेवारी २०२३ मध्ये विमानं सुरू झाली. समजा तुम्ही पाहुण्याला लिहिलं: 'प्लीज गो टू द एअरपोर्ट विच इज इन दाबोळी.' स्वल्पविराम नाही. अर्थ असा, की विमानतळ एकापेक्षा जास्त आहेत, त्यातला दाबोळीचा तो. आता एक स्वल्पविराम घाला: 'प्लीज गो टू द एअरपोर्ट, विच इज इन दाबोळी.' अर्थ झाला, विमानतळावर जा, आणि जाता जाता सांगतो, तो दाबोळीला आहे. म्हणजे गोव्यात विमानतळ एकच आहे असं तुम्ही त्याला कळवलंत. ज्याचं विमान मोपाहून आहे असा दुसरा पाहुणा तोच मेल पुढे पाठवलेला वाचून दाबोळीच्या टॅक्सीत बसला, तर दोष त्याचा म्हणता येणार नाही.

कसोटी अशी: ते छोटं वाक्य काढून टाकलं तर 'कोणता?' हा प्रश्न उरतो का? उरत असेल तर ते छोटं वाक्य ओळख पटवतंय, स्वल्पविराम नको. उरत नसेल तर ते जादा माहिती देतंय, दोन्ही बाजूंनी स्वल्पविराम हवेत. 'माय ब्रदर हू लिव्ज इन लिस्बन इज कमिंग' म्हणजे भाऊ अनेक, त्यातला लिस्बनचा येतोय. 'माय ब्रदर, हू लिव्ज इन लिस्बन, इज कमिंग' म्हणजे भाऊ एकच, आणि तो लिस्बनला असतो. दुसरा स्वल्पविराम विसरू नका. पहिला दिला आणि दुसरा राहिला, ही चूक छापील इंग्रजीतही रोज दिसते.

विशेषनामापुढे जवळजवळ नेहमी स्वल्पविराम येतो, कारण नाव घेतल्यावर 'कोणता' उरत नाही. 'द बॅसिलिका ऑफ बॉम जीझस, विच वॉज कॉन्सिक्रेटेड इन १६०५, इज इन ओल्ड गोवा.' 'दयानंद बांदोडकर, हू बिकेम गोवाज फर्स्ट चीफ मिनिस्टर इन १९६३, डाइड इन १९७३.' यातले स्वल्पविराम काढले तर एकाहून जास्त बांदोडकर होते आणि त्यातल्या एकाविषयी हे चाललंय, असा सूर लागतो. अशा स्वल्पविरामवाल्या वाक्यात दॅट चालत नाही आणि गाळणंही चालत नाही. तिथे फक्त हू, हूम, विच, हूज, व्हेअर, व्हेन.

मराठीत हा फरक आपण विरामचिन्हांवर सोपवत नाही. 'माझा भाऊ लिस्बनला असतो, तो नाताळाला येतोय' अशी दोन सरळ वाक्यं करतो. 'माझा भाऊ, जो लिस्बनला असतो, तो येतोय' हे मराठी इंग्रजीच्या नादाने लिहिलेलं आहे, आणि ते कानाला खटकतं ते उगाच नाही. पण मेल तपासताना हेच उपयोगी पडतं. तुमचं इंग्रजी वाक्य मराठीत दोन स्वतंत्र वाक्यं करून सांगता आलं, तर इंग्रजीत स्वल्पविराम द्या. 'ज्या... त्या' केल्याशिवाय सांगताच येत नसेल, तर देऊ नका.

स्वल्पविराम नसताना विच की दॅट, यावर तुमचा मॅनेजर लाल खुणा करत असेल तर त्यामागे एक इतिहास आहे. ओळख पटवणाऱ्या वाक्याला दॅट आणि जादा माहितीच्या वाक्याला विच अशी वाटणी करावी, असं इंग्लंडमधले कोशकार हेन्री फाउलर यांनी १९२६ साली सुचवलं. चांगले लेखक ती पाळत नाहीत, हे त्यांनी स्वतःच मान्य केलं होतं. अमेरिकेतल्या संपादकांनी ती सूचना नियम म्हणून उचलली, ब्रिटिश इंग्रजीत आजही दोन्ही चालतात. कॉम्प्युटरचा व्याकरण तपासनीस विचखाली रेघ मारतो तो बऱ्याचदा याच वाटणीमुळे. तुम्ही दॅट लिहिलंत तर दोन्हीकडे कोणी बोट ठेवणार नाही, म्हणून कामाच्या मेलमध्ये दॅटच लिहा. पण कोणी विच लिहिलं तर ती चूक नाही.

विच कधीकधी एका नामासाठी न येता अख्ख्या वाक्यासाठी येतो: 'द फेरी वॉज कॅन्सल्ड, विच मेड द गेस्ट्स लेट.' उशीर फेरीने केला नाही, फेरी रद्द झाल्याने झाला. इथे स्वल्पविराम हवाच. पूर्णविराम देऊन 'विच मेड द गेस्ट्स लेट' असं नवं वाक्य सुरू करू नका, औपचारिक मेलमध्ये ते अर्धवट दिसतं. 'दिस मेड' लिहिलंत तर नवं वाक्य करता येईल.

छोटं वाक्य ज्याचं आहे त्याला चिकटवून ठेवा. 'द सन ऑफ द ओनर हू लिव्ज इन मडगाव' यात मडगावला मुलगा राहतो की मालक, हे देवच जाणे. 'द ओनर्स सन, हू लिव्ज इन मडगाव' केलं की प्रश्न मिटतो. क्रियापदही मागच्या नामाकडे बघून ठरतं. 'वन ऑफ द रूम्स दॅट फेस द रिव्हर' मध्ये 'फेस' अनेकवचनी, कारण नदीकडे तोंड सगळ्या त्या खोल्यांचं आहे. पण 'द ओन्ली वन ऑफ द रूम्स दॅट फेसेस द रिव्हर' मध्ये एकच खोली तशी, म्हणून 'फेसेस'.

राहिलं हूम. रिकामी जागा कर्माची असेल तर व्याकरणाने हूम होतो, पण आज बोलण्यात आणि साध्या मेलमध्ये हू चालतो, किंवा सरळ गाळतात: 'द एजंट वी मेट'. हूम लागतोच तो टू, फॉर, विथ यांच्या लगेच मागे: 'द एजंट टू हूम वी सेंट द बिल'. तोही टाळायचा असेल तर 'द एजंट वी सेंट द बिल टू' आहेच. छाप पडावी म्हणून हूम घुसवलात तर एका ठिकाणी हमखास घसराल: 'द गेस्ट हूम वी थॉट हॅड लेफ्ट'. ऐकायला भारदस्त, पण जागा बघा: 'वी थॉट ... हॅड लेफ्ट'. गेला कोण? जागा कर्त्याची आहे, 'वी थॉट' फक्त मधेच येऊन बसलंय. म्हणून 'द गेस्ट हू वी थॉट हॅड लेफ्ट इज स्टिल इन हिज रूम.' इथे हूच बरोबर.